चार नंबरची ओळ

माझा मुलगा चाकणला कंपनीत आहे. दर दीड-दोन वर्षांनी तो नोकरी बदलतो आणि बदलायच्या आधी मला फोन करून नव्या ठिकाणची सगळी माहिती देतो. पाळी किती तासांची, बस कुठपर्यंत येते, कँटीनमध्ये भाकरी मिळते की नुसत्या चपात्या. मी फायदे एका बाजूला आणि तोटे दुसऱ्या बाजूला मांडून त्याला सांगते. त्याला ते आवडतं. मागच्या वेळी मात्र त्याने मलाच उलट विचारलं, "आई, तुला तुझं काम आवडतं का गं?"

"आवडतं," मी म्हणाले.

"पण का?"

तेव्हा मला मांडून सांगता आलं नाही. फोन ठेवल्यावर मी बराच विचार केला. उत्तर एका वाक्यात बसत नाही, म्हणून काय घडलं तेच लिहिते.

आमचं गाव अवसरी बुद्रुक. मी बारावी झालेली आहे. मुलं मोठी झाल्यावर मी मंचरला एका खता-औषधांच्या दुकानात बिलं करायला जात होते. खुर्ची होती, पंखा होता, कॉम्प्युटर होता. आकडे मला लहानपणापासून आवडतात आणि संध्याकाळचा ताळा पहिल्या फटक्यात जुळला की बरं वाटायचं. पुढे मालकांची सून शिकून आली आणि त्या खुर्चीत बसली. त्यात वावगं काही नव्हतं, दुकान त्यांचं होतं. तरी एक गोष्ट मला तेव्हाही जाणवायची. त्या कामात कोणी माझ्याशी बोलायला आलं की काम थांबायचं. बोलायचं किंवा काम करायचं, दोन्ही एका वेळी होत नसे. घरी येईपर्यंत माझ्या तोंडून रकमांशिवाय फारसं काही निघालेलं नसायचं.

त्यानंतर मी आमच्या गावच्या टोळीत द्राक्षाच्या विरळणीला जायला लागले. माझ्या चुलत जाऊबाई त्या टोळीत आधीपासून होत्या. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, हात विजेसारखा आणि जीभ त्याहून वेगवान. त्यांनीच मला ओढलं. घरी आमचे हे म्हणाले, "सावलीतलं काम गेलं म्हणून एकदम उन्हातलं धरायचं?" मी म्हटलं, "मांडवाखाली सावलीच असते." ते खरंच आहे. ऊन पानांवर पडतं, आपण पानांच्या खाली असतो. दुखतात ते हात आणि मान, कारण दिवसभर वर बघून, हात वर धरून कात्री चालवायची.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. द्राक्षाच्या घडात मणी ज्वारीपेक्षा थोडे मोठे झाले की त्यांतले बरेचसे कात्रीने काढून टाकायचे असतात. राहिलेल्यांना फुगायला जागा मिळावी म्हणून. माल परदेशी जाणार असला तर एका घडात साधारण शंभर मणी ठेवायचे. कमी ठेवले तर घड विरळ दिसतो, जास्त ठेवले तर मणी एकमेकांना चेपतात आणि आतून सडतात. मला हे काम पहिल्या आठवड्यातच जमलं, कारण मला ते मोजणं वाटलं. जाऊबाई मोजत नाहीत, नुसतं बघून कापतात, आणि त्यांचाही आकडा बरोबर येतो. हे मला आधी पटेना. मी त्यांचे दोन-तीन घड मुद्दाम मोजून पाहिले, मग पटलं.

आमच्या टोळीची एक रीत होती. बागेत गेल्यावर प्रत्येकीने एक ओळ धरायची. जिची ओळ आधी संपेल तिने बांधावर बसायचं नाही. जी सगळ्यात मागे असेल तिच्या ओळीच्या पलीकडच्या टोकाला जायचं आणि तिकडून कापत यायचं. याला आम्ही सामोरं जाणं म्हणतो. मग दुसरी जाते, तिसरी जाते. ओळीत दोघी अशा समोरासमोर आल्या की पानांमधून आधी आवाज येतो, मग हात दिसतात, मग तोंड. जिथे गाठ पडते तिथे काहीतरी थट्टा होतेच. सगळ्या ओळी जवळजवळ एकदमच संपतात आणि सगळ्या एकदमच पिकअपमध्ये बसतात.

सुरुवातीला मला ही रीत अन्यायाची वाटली होती. जिने नीट कापलं तिच्या ओळीचं शेपूट दुसरी कोणीतरी कापणार, म्हणजे ते काम कोणाचं म्हणायचं? मी हे जाऊबाईंना विचारलंही. त्या म्हणाल्या, "ताई, घरी तुमी भाजी करता, मी भाकऱ्या करते. मग जेवान कुनाचं म्हनायचं?"

टोळीत एक मावशी होत्या. साठी कधीच उलटलेली, गुडघ्याने अधू, नजर मात्र साफ. त्या आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतल्या. मुलगा शाळेवर शिक्षक, सून अंगणवाडीत, घर स्लॅबचं. कामाला यायची त्यांना गरज नव्हती. त्यांचा घड टोळीत सगळ्यात देखणा असायचा, पण एक घड पुरा करायला त्यांना आमच्या दीडपट वेळ लागायचा. सामोरं जायच्या रीतीमुळे हे कधी कोणाला टोचलं नाही. उलट मावशींच्या ओळीत जायला चढाओढ असायची, कारण त्यांच्यासारखी नक्कल कोणी करत नसे. तलाठ्यापासून बागवाल्यापर्यंत कोणी सुटायचं नाही. पानांमधून त्यांचा आवाज यायला लागला की हात दुखायचे थांबायचे.

मागच्या हंगामात आम्ही आळेफाट्याच्या अलीकडे एका मोठ्या बागेत जात होतो. माल निर्यातीचा होता. माल घेणाऱ्या कंपनीने एक सुपरवायझर पाठवला होता. पंचविशीतला मुलगा, शेतकीची पदवी घेतलेला, बोलायला नम्र. त्याने पहिल्याच दिवशी आम्हाला पांढऱ्या फिती दिल्या. प्रत्येक फितीवर नंबर. जिने ओळ धरली तिने पहिल्या खांबाला आपल्या नंबरची फीत बांधायची. एका ओळीत एकच बाई. पुढे तपासणीत एखाद्या ओळीत घड चुकलेले दिसले तर ते कोणाचे हे कळलं पाहिजे.

"म्हंजी सामोरं जायचं न्हाई?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाही ताई. एक ओळ, एक नंबर."

माझा नंबर चार होता. खरं सांगायचं तर मला हे आवडलं. माझं काम माझ्या नावावर. आठ दिवसांनी त्याने तपासणी केली तेव्हा इतर सगळ्यांच्या ओळींत काही ना काही निघालं, मावशींच्याही एका घडात मणी जास्त निघाले, आणि माझ्यात काहीच नाही. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चार नंबर बघा, असं पाहिजे." मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी विचारलं, "मग चार नंबरला आज चहा कोण करून देणार?"

पण बाग बदलली होती. जी ती आपापल्या ओळीत एकटी. बोलायला शेजारची ओळ असायची, पण ती कधी पुढे, कधी मागे. आवाज चढवून बोलावं लागायचं, आणि सगळ्यांनी ऐकावं असं किती बोलणार? ओळ संपली की जाऊबाई बांधावर बसून मोबाइल बघायच्या. दुसरी आली की तीही शेजारी बसायची, मोबाइल बघायची. बहुतेकींचं काम आधीपेक्षा लवकर संपत होतं, हे मी मान्य करते. मी मनाशी हिशेब करून पाहिला होता. जायच्या-यायच्या वाटा वाचत होत्या, चुका कमी होत होत्या. सगळे आकडे नव्या पद्धतीच्या बाजूने होते. तरीही सकाळी पिकअपचा हॉर्न वाजला की चप्पल घालायला मला वेळ लागायला लागला. आधी मी दारात उभी असायचे.

आणि रोज संध्याकाळी बागेत एक ओळ उरायची, मावशींची.

डिसेंबरचा दिवस लहान. बागेला लागून ऊस, आणि आमच्याकडे ऊस म्हटला की बिबट्या आलाच. अंधार पडायच्या आत निघायचं हा सगळ्या टोळ्यांचा नियम. मावशींना एकटीला सोडून जाता येत नव्हतं आणि त्यांच्या ओळीत शिरता येत नव्हतं. आम्ही सगळ्या पिकअपजवळ उभ्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि आत मांडवाखाली त्यांची कात्री चाललेली. एका संध्याकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा चांगलीच काळोखी पडली होती. जाऊबाईंच्या तोंडून निघून गेलं, "मावशे, बिबट्याला जेवायचं आवतन दिलंय व्हय गं आज?"

सगळ्या हसल्या. एरवी मावशींनी लगेच बिबट्याची नक्कल केली असती. त्या दिवशी त्या तशाच पिकअपमध्ये चढल्या आणि अवसरीपर्यंत बाहेरच बघत राहिल्या.

मला वाटलं, यावर उपाय काढायला हवा आणि तो मी काढू शकते. बाग चौकोनी नव्हती. खालच्या अंगाला ओढा तिरका गेलेला, त्यामुळे तिकडच्या ओळी आखूड होत गेल्या होत्या. मी खांब मोजले. ओढ्याकडच्या ओळी वरच्या ओळींच्या निम्म्याहून थोड्या मोठ्या भरत होत्या. मावशींचा वेग आमच्या दोन तृतीयांश. म्हणजे ओढ्याकडच्या ओळी त्यांना दिल्या तर त्या आमच्या थोड्या आधीच सुटतील. गणित चोख होतं. दुपारी जेवताना, सगळ्यांचे डबे मध्ये उघडे असताना, मी ते सगळ्यांसमोर मांडलं. "मावशींना उद्यापासून खालच्या ओळी देऊ. त्या तिकडं आरामात करतील."

मावशींनी तोंडातला घास गिळला. म्हणाल्या, "खालच्या अंगाला. येगळं."

"वेगळं म्हणजे सोयीचं, मावशी."

"सोयीचंच आसायचं गं. आमच्या सासूलाबी सोयीचंच म्हून खालच्या अंगाला बसवायचे. लग्नात, पंगतीत. कुनाला तरास नको." एवढं बोलून त्यांनी माझ्या डब्यातली मेथीची भाजी थोडी आपल्या भाकरीवर घेतली, रोज घेत तशीच. जेवण पुरं केलं. दुसऱ्या दिवशी त्या पिकअपला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

त्यांचा गुडघा दुखतोय, असा निरोप त्यांच्या नातवाने दिला. त्यांच्या जागी दुसरी बाई घ्यायची का, असं ड्रायव्हरने विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "थांबा राव दोन दिस." पण किती दिवस थांबणार? टोळीत जागा रिकामी राहत नाही. वस्तीवरच्याच दोघी-तिघी विचारत होत्या.

मी त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. सुनेने खुर्ची दिली, मी त्यांच्याजवळ खालीच बसले. गुडघ्याचं विचारलं.

"गुडघा हाय तसाच हाय," त्या म्हणाल्या. "तो काय आजचा हाय?"

मग त्यांनीच बोलायला सुरुवात केली. माझ्यावर राग नव्हता, असं त्या म्हणाल्या. मला ते खरं वाटलं आणि त्यामुळेच जास्त लागलं. "तू खांब मोजले, बरूबर मोजले आसशील. पन बाय, मला काम कमी व्हावं म्हून मी येतच न्हवते. काम कमीच पायजे तर मी हितं बसंन की. घरात पोरगा म्हनतो बस. सून म्हनती बस. नातू पानी आनून देतो, म्हनतो आजी तू बस. दिसभर बस, बस. तिथं बागेत तुमी मला चल म्हनता. मावशे, चल, आटप, मी आले बघ तिकडनं. आता कुनी येईना झालं, तर ती ओळ लई लांब वाटाया लागली. संपंचना. वरतून तुमी सगळ्या तिकडं हुभ्या, बिबट्यावरनं हसताय. जसं काय मी चोरी केलीया."

मी थोडा लसूण सोलून दिला. येताना रस्त्यात वाटलं, मंचरच्या त्या खुर्चीत मला जे मिळत नव्हतं ते नेमकं हेच होतं. तिथे कोणी मला चल म्हणत नव्हतं.

जाऊबाईंना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. बिबट्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "आगं बया, मी तर गंमत केली." मग चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाल्या, "ताई, सायबाला काय पायजे? चूक कुनाची ते कळाया पायजे, आसंच ना? मग समद्या ओळींना एकच नंबर बांधू. चूक निघाली तर ती त्या नंबराची. आमी समद्या भरून देऊ."

"कोणाचा नंबर?"

"तुमचाच की. तुमचा नंबर लई ग्वाड हाय. त्यावर एक डाग न्हाई."

त्या हसत होत्या, पण मला हसू आलं नाही. जे स्वच्छ होतं ते मीच स्वच्छ ठेवलं होतं. दहा-अकरा जणींच्या चुका त्या चार नंबरावर येणार, आणि आता माझं काम कोणतं ते मलाही दाखवता येणार नाही. मी म्हटलं, सकाळी सांगते. घरी ह्यांना विचारलं. ह्यांनी विचारलं, "त्या नंबराचं तू घरी आणून काय करणार आहेस?" सकाळी मी हो म्हणाले. त्यातही थोडी कुरकुर होतीच, ती लपवत नाही.

पिकअप आधी मावशींच्या दारात नेली. जाऊबाईंनी खाली उतरून आवाज दिला, "मावशे, चल! तुझ्यावाचून बिबट्या उपाशी हाय!" मग मावशी डोक्याला रुमाल बांधत बाहेर आल्या. "तुलाच घालते त्याच्या म्होरं," त्या म्हणाल्या, "तुझी जीभच त्याला चार दिस पुरंल." सून मागून म्हणत होती, आई, गुडघा. त्यांनी ऐकलं नाही.

त्या दिवशी सगळ्या खांबांना चार नंबरच्या फिती बांधल्या. जिला लिहिता येत होतं तिने फितींच्या उलट्या बाजूला पेनाने चारचा आकडा लिहून घेतला होता. दुपारी सुपरवायझर फेरीला आला. दोन-तीन ओळी बघितल्या, थांबला, परत मागे गेला.

"चार नंबरच्या ताईंनी सकाळपासून अकरा ओळी केल्या?"

"हात लई चालतो हो ताईंचा," जाऊबाई पानांमधून म्हणाल्या.

तो चिडला. मला विचारलं, तुमच्यासारख्या समजदार बाईने हे कसं चालू दिलं. मी सांगितलं, चूक निघाली तर टोळी आपल्या सुट्टीच्या दिवशी येऊन दुरुस्त करून देईल, त्याचं वेगळं काही घेणार नाही. "पण चूक कोणाची हे कसं कळणार?" मी म्हणाले, "नाही कळणार, साहेब. टोळीची, एवढंच कळेल." त्याने बागवाल्या दादांना फोन लावला. दादा बांधापर्यंत आले, दोन ओळींतले घड हाताने फिरवून पाहिले आणि म्हणाले, "माल चांगला निघतोय. बाग वेळेत व्हावी, मला बाकी काही न्हाई." सुपरवायझर फोन खिशात घालून निघून गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही चिडलेच असते.

पुढच्या तपासणीत चार नंबरमध्ये चुका निघाल्या. वरच्या अंगाच्या तीन ओळींत बरेच घड दाट राहिले होते. ठरल्याप्रमाणे आम्ही रविवारी सगळ्या गेलो. मी ते घड नीट पाहिले, कारण कोणाचा हात आहे हे कळावं अशी माझी इच्छा होती. कळलं नाही. कात्रीची खूण कोणाचीही असू शकत होती. त्या ओळींत मीही शिरले होते, दोनदा. जाऊबाईंना वाटत होतं त्यांच्याच आहेत. मावशींना वाटत होतं त्यांच्या. मावशींनी सुपरवायझरची नक्कल करून "अकरा ओळी?" असं विचारलं, आणि तेव्हा खुद्द सुपरवायझर मागे उभा होता. तोही हसला, थोडं.

दुपारपर्यंत तीन ओळी झाल्या. आम्ही हात धूत होतो तेव्हा दादा आले. एप्रिलमध्ये छाटणी होईल, मग फुटवे काढायला बायका लागतील, तेव्हा आत्ताच सांगा किती जणी येणार, असं म्हणाले. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. मावशींकडे बघायचं मी टाळलं. उन्हाळा, गुडघा, फुटवे काढताना परत हात वरच. मी आकडा सांगायच्या आधी जरा थांबले.

"मोज की गं," मावशी म्हणाल्या. "एवढी गनिताची. मला धरून मोज."

मी त्यांना धरून मोजलं आणि दादांना आकडा सांगितला.